धूर म्हणजे न जळलेले लाकूड

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील चूल आता केवळ नाइलाजाची राहिलेली नाही आणि निव्वळ आवडीचीही झालेली नाही. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून देशभरात १० कोटींहून अधिक गॅसजोडण्या दिल्या गेल्या, तरी असंख्य घरांत गॅसची शेगडी आणि मातीची चूल शेजारीशेजारी नांदताना दिसतात. चहा आणि घाईची भाजी गॅसवर होते, तर आंघोळीचे पाणी, रोजच्या भाकरी आणि सणावाराचा मोठ्या पातेल्यातला स्वयंपाक चुलीवर होतो, कारण सरपण शेताच्या बांधावर मिळते आणि सिलिंडर पुन्हा भरून घ्यायला रोख पैसे लागतात. चूल लवकरच जाणार, असे गृहीत धरून तिच्याकडे लक्ष देण्याचे थांबवले गेले, पण ती गेलेली नाही. आणि जोपर्यंत ती घरात पेटते आहे, तोपर्यंत ती कमी धुराने आणि कमी धोक्याने कशी चालवावी, या प्रश्नाचे महत्त्व कमी होत नाही.

या प्रश्नाचे उत्तर चुलीच्या नमुन्यापेक्षा तिच्या वापरात अधिक आहे आणि ते समजण्यासाठी लाकूड जळते म्हणजे नेमके काय होते हे आधी पाहावे लागते. चुलीत सारलेल्या लाकडातील पाणी प्रथम वाफ होऊन निघून जाते. त्यानंतर तापमान २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की लाकडाचे घटक उष्णतेने फुटू लागतात आणि त्यांतून ज्वलनशील वायू व तेलकट बाष्प बाहेर पडते. या क्रियेला उष्माविघटन म्हणतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या मार्गाने वायुरूप होतो आणि उरलेला कोळसा नंतर निखाऱ्याच्या रूपाने सावकाश जळतो. म्हणजे डोळ्यांना दिसणारा जाळ हा लाकडाचा नसून लाकडातून सुटलेल्या वायूंचा असतो. या वायूंना पुरेशी हवा मिळाली आणि भोवतालची जागा सुमारे ६०० अंशांपर्यंत तापलेली असली, तर ते जळून मुख्यतः वाफ आणि कर्बद्विप्राणील वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. हवा कमी पडली किंवा ज्योत थंड झाली, तर तेच वायू अर्धवट जळून डांबराचे सूक्ष्म थेंब, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या रूपाने बाहेर पडतात. धूर हा लाकडाचा अपरिहार्य गुणधर्म नव्हे. तो न जळलेला जाळ आहे, आणि घरात जितका धूर भरतो तितके सरपण फुकट गेलेले असते.

ओले लाकूड धुमसते, हे प्रत्येक घराला माहीत असते. मात्र त्यामागचे कारण बहुधा अपुरे समजलेले असते. पाण्याची वाफ करण्यात उष्णता खर्च होते हे खरे, परंतु हिशोब मांडला तर तो खर्च वाटतो तेवढा मोठा नसतो. एक किलो लाकडात ४०० ग्रॅम पाणी असेल, तर उरलेल्या ६०० ग्रॅम कोरड्या लाकडापासून मिळणाऱ्या उष्णतेचा सुमारे एक दशांश भाग त्या पाण्याची वाफ करण्यात जातो. खरे नुकसान वेगळेच असते: ती वाफ ज्वालेच्या जागेचे तापमान इतके खाली आणते की सुटलेले वायू पेट घेत नाहीत आणि तसेच घरभर पसरतात. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असू शकते आणि चांगल्या वाळलेल्या सरपणात ते २० टक्क्यांच्या आत येते. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून घरगुती वापरासाठी लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओलावा असता कामा नये, असा कायदाच लागू झाला. महाराष्ट्रात असा नियम नाही, परंतु मार्च ते मे असे तीन महिने इथले ऊन हे काम फुकट करून देते, आणि या देणगीचा पुरेपूर उपयोग करून घेतला जात नाही.

लाकूड फोडूनच वाळवायला हवे, कारण अखंड ओंडक्यातील ओल सालीच्या आत कोंडलेली राहते आणि फोडलेल्या ढलपीच्या उघड्या बाजूंनी ती भराभर निघून जाते. मनगटापेक्षा जाड तुकडा घरगुती चुलीत सहसा नीट जळत नाही. रचलेल्या सरपणाखाली दगड किंवा आडवी लाकडे घालून ते जमिनीपासून उचललेले असावे, वर पत्रा किंवा कौलांचे छप्पर असावे आणि बाजू मोकळ्या असाव्यात. प्लास्टिकच्या कापडाने चारही बाजूंनी गुंडाळलेली रास आतल्या आत घामेजते. वाळलेले लाकूड ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत: टोकांना भेगा पडलेल्या असतात, साल सहज सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता बद्द आवाज न येता खणखणीत येतो. कोकणात पावसाळ्यातील दमट हवेत वाळलेले सरपणही पुन्हा ओल धरते, म्हणून दुसऱ्या दिवसापुरती लाकडे आदल्या रात्री चुलीच्या उबेला आणून ठेवण्याची पद्धत उपयोगी आहे. ती चुलीला टेकवून किंवा थेट वर रचून ठेवली, तर मात्र तीच पद्धत आगीचे कारण ठरते.

कोणत्या झाडाचे लाकूड चांगले, याविषयी प्रत्येक भागाची ठाम मते असतात आणि ती बहुतांशी खरीही असतात, पण त्यांचे कारण उष्णतेच्या कमीअधिक साठ्यात नाही. सारखेच वाळलेले असेल, तर एक किलो बाभूळ आणि एक किलो पांगारा जवळपास तेवढीच उष्णता देतात. फरक घनतेचा आहे: बाभूळ, धावडा किंवा ऐन यांचे लाकूड जड असल्याने ते सावकाश वायू सोडते, टिकाऊ निखारा धरते आणि पुन्हापुन्हा सारावे लागत नाही, तर पांगारा, सावर किंवा शेवगा भरकन पेटून संपतात. विदर्भ-मराठवाड्यातील तुराट्या आणि पऱ्हाट्या तर एकदम पेटून एवढा वायू सोडतात की चुलीच्या तोंडातून येणारी हवा त्याला पुरत नाही. म्हणून मूठभर काड्या वरचेवर घालणे आणि अख्खी पेंढी एकदम कोंबणे यांत धुराचा मोठा फरक पडतो. शेणाच्या गोवऱ्यांत राख जास्त आणि उष्णता कमी असल्याने त्या सावकाश धुमसतात. दूध तापत ठेवण्यासाठी त्या सोयीच्या असल्या, तरी बंद स्वयंपाकघरात त्यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा अधिक त्रासदायक ठरतो. काही वनस्पती चुलीत मुळीच जाऊ नयेत. कण्हेर विषारी आहे आणि बिब्ब्याच्या झाडातील दाहक द्रव्य धुराबरोबर डोळ्यांत, श्वासनलिकेत जाऊ शकते.

याहून मोठा आणि रोजचा धोका पेटवणाच्या सवयीत आहे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जुन्या चपला हे सर्व चटकन पेटते म्हणून चूल पेटवायला वापरले जाते, आणि त्यांतून निघणारा काळा धूर थेट शिजणाऱ्या अन्नाभोवती फिरतो. काही प्लास्टिकांत क्लोरीन असते आणि ते जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखा दाहक वायू व डायॉक्सिन या नावाने ओळखली जाणारी अत्यंत विषारी संयुगे तयार होतात. रंगवलेली फळी, प्लायवुडचे तुकडे आणि बांधकामावरचे रसायन लावलेले लाकूडही याच कारणासाठी वर्ज्य आहे. वाळलेले पाचट, नारळाची शेंडी, बारीक काटक्या किंवा कडब्याची धाटे एवढे पेटवण पुरेसे असते. विझत आलेल्या चुलीवर रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे हा तर थेट भाजण्याचा मार्ग आहे, कारण गरम निखाऱ्यावर पडताच त्याची वाफ होते आणि ती वाफ डब्यापर्यंत उलट पेट घेते.

चूल पेटल्यानंतरचे कौशल्य हवेचे आहे. एक किलो लाकूड पूर्ण जळण्यासाठी सुमारे सहा किलो, म्हणजे जवळपास पाच घनमीटर हवा लागते, आणि मातीच्या चुलीत ती सगळी पुढच्या तोंडातूनच आत शिरते. तेच तोंड लाकडांनी गच्च भरले की हवेची वाट बंद होते, धूर उलटतो आणि फुंकणी हाती घ्यावी लागते. वारंवार फुंकावे लागणे ही चुलीने दिलेली स्पष्ट सूचना असते: एक तर लाकूड ओले आहे, किंवा ते जास्त झाले आहे, किंवा खाली राख साचली आहे. लाकडांची फक्त टोके ज्वालेत राहतील आणि जळतील तशी ती पुढे सारली जातील, अशी मांडणी केली तर वायू जेवढे सुटतात तेवढे जळतात. चुलीच्या तळाशी दोनतीन बोटे उंचीवर लोखंडी जाळी बसवली, तर हवा खालून निखाऱ्यांमधून वर येते आणि राख खाली पडते. एवढ्या स्वस्त बदलाने धूर उघड कमी होतो. मात्र जाळीखालची राख रोज काढली नाही, तर तीच जाळी निरुपयोगी होते.

भांड्याच्या जागेचाही यात वाटा आहे. चुलीच्या काठावरचे तीन उंचवटे भांड्याला नुसता आधार देत नाहीत. ते ज्वाला आणि बूड यांच्यामध्ये वायू जळण्यापुरती जागा राखतात. भांडे फार खाली बसले तर त्याचा थंड पृष्ठभाग ज्वालेला अर्ध्यावरच विझवतो आणि बुडाला काजळीचा जाड थर चढतो. फार वर गेले तर उष्णता बाजूने निसटते. वैल, म्हणजे मुख्य चुलीच्या बगलेतील दुसरे तोंड, हा बाहेर जाणारी उष्णता वरणासाठी किंवा पाण्यासाठी वापरण्याचा जुना आणि शहाणपणाचा उपाय आहे. चुलीवर रोज रांधणाऱ्या स्त्रियांना जाळाच्या या अवस्था नेमक्या ठाऊक असतात: आधण मोठ्या जाळावर येते, तव्यावर भाजलेली भाकरी निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवली जाते आणि भात उरलेल्या आरावर मुरतो. झाकण ठेवून शिजवणे आणि डाळ आधी भिजत घालणे यामुळे चूल पेटती राहण्याचा काळच कमी होतो, आणि हा उपाय कोणत्याही सुधारणेइतका परिणामकारक आहे.

चूल सुधारण्याचे प्रयत्न भारतात नवे नाहीत आणि त्यांचा उगम काही अंशी महाराष्ट्रातच आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या चळवळीतून १९४० च्या दशकात मगन चूल पुढे आली, आणि त्यानंतरच्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धुराडे असलेल्या बिनधुराच्या चुलीचा प्रसार केला. १९८० च्या दशकात सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात ३ कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात या कामाला पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेचे तांत्रिक पाठबळ होते. चुलींची संख्या मोठी होती, पण त्यांतल्या अनेक थोड्याच वर्षांत मोडल्या, बुजल्या किंवा घरमालकिणीने आपल्या सोयीने पुन्हा जुन्या घाटाच्या केल्या.

असे का होते, याचे सर्वांत बोलके उत्तर ओडिशातील खेड्यांत मिळाले. अर्थशास्त्रज्ञ रेमा हन्ना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या सुधारित चुली मिळालेल्या कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत माग ठेवला, तेव्हा पहिल्या वर्षी श्वासातून आत जाणारा धूर कमी झालेला आढळला. पुढील वर्षांत मात्र हा लाभ नाहीसा झाला, कारण चुली नियमितपणे वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभालही झाली नाही. या निष्कर्षावरून सुधारित चूल निरर्थक आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. धुराड्याकडे दुर्लक्ष झाले की उत्तम रचनेच्या चुलीचाही लाभ टिकत नाही, एवढेच त्यातून दिसते, आणि ते धुराडे कोणी, कधी, कशाने साफ करायचे हे चूल देताना ठरवले नाही, तर पैसा वाया जातो.

धुराड्याविषयी आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. धुराडे घराबाहेर धूर नेते. ते ज्वलन सुधारतेच असे नाही. तापलेले वायू हलके असल्यामुळे उंच नळीतून वर चढतात आणि त्यांच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा ओढली जाते, हे त्याचे तत्त्व आहे. म्हणून नळी सरळ असावी, तिला काटकोनातली वळणे नसावीत, तिचे टोक छपराच्या आढ्यापेक्षा निदान दोन फूट वर असावे आणि त्यावर पाऊस अडवणारी टोपी असावी. ओढ अति वाढली तर उष्णताही नळीतून निघून जाते आणि सरपण जास्त लागते, तेव्हा मोठे धुराडे म्हणजे चांगले धुराडे असे नव्हे. गवती किंवा झावळ्यांच्या छपरातून नळी जात असेल, तर तिच्याभोवती माती किंवा पत्र्याचे कडे करून जळाऊ वस्तू दूर ठेवणे आवश्यक आहे. थंड धुराड्यात डांबरासारखा थर साचतो, आणि एखाद्या दिवशी मोठ्या जाळाने तो नळीच्या आतच पेटू शकतो. हा थर टाळण्याचा उपाय पुन्हा कोरडे लाकूड आणि नियमित सफाई हाच आहे. रोजच्या वापराच्या चुलीचे धुराडे पंधरवड्यातून एकदा तरी दोरीला बांधलेल्या चिंध्यांच्या बोळ्याने किंवा ब्रशने साफ झाले पाहिजे.

न्हाणीघरातील तांब्याचा बंब ही धुराड्याच्या याच तत्त्वाची जुनी आणि अतिशय सुबक रचना आहे: मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी आणि तळाशी जाळ, त्यामुळे धूर बाहेर पडता पडता आपली उष्णता पाण्याला देऊन जातो. बंबात पाणी नसताना जाळ केला तर त्याचे सांधे सुटतात. आणि दार-खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात तो पेटता ठेवून आंघोळ करणे जिवावर बेतू शकते.

धुराने शरीराचे काय होते, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे, फुप्फुसाच्या अगदी खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार २४ तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत असे कण १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत आणि भारताची स्वतःची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. धुराच्या स्वयंपाकघरात रांधण्याच्या वेळी हे प्रमाण शेकड्यांत आणि कधी हजारांत जाते. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत रांधणाऱ्या स्त्रियांच्या श्वासाजवळचा धूर मोजला, तेव्हा या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले. पुण्यातील श्वसनरोगतज्ज्ञ संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की श्वासमार्ग कायमचा अरुंद करणारा सीओपीडी हा आजार केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही, लाकूड-गोवऱ्यांचा धूर हे त्याचे जागतिक पातळीवरील फार मोठे कारण आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू आणि कमी वजनाचे बाळ जन्मणे यांचाही या धुराशी संबंध आढळला आहे. ज्या स्त्रीने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही, तिचा वर्षानुवर्षांचा खोकला ‘वयामुळे’ म्हणून सोडून देणे हा अन्याय आहे. तिच्या फुप्फुसांची स्पायरोमेट्री, म्हणजे जोराने फुंकून श्वासाची क्षमता मोजण्याची साधी चाचणी, व्हायलाच हवी.

या बाबतीत जबाबदारीची वाटणीही स्पष्टपणे बोलली गेली पाहिजे. सरपण तोडून, फोडून वाळत घालणे, छपरावर चढून धुराडे साफ करणे आणि घर बांधताना स्वयंपाकघराला समोरासमोर दोन उघड्या वाटा व छताजवळ झरोका ठेवणे ही कामे बहुतेक घरांत पुरुषांच्या हाती असतात, आणि ती झाली नाहीत तर धूर रांधणारीच्या वाट्याला येतो. चूल कशी पेटवावी हे तिला शिकवण्याची फारशी गरज नसते. तिला कोरडे लाकूड आणि मोकळे धुराडे मिळवून देणे हे घराचे काम आहे.

दिसणाऱ्या धुरापेक्षा न दिसणारा वायू अधिक घातक असतो. जाळ संपून निखारे उरले की धूर थांबतो आणि शेगडी निर्धोक झाली असे वाटते. प्रत्यक्षात निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. उसाच्या पाचटापासून केलेला कांडी कोळसा धूर करत नाही आणि त्याच्या तंत्रासाठी ‘आरती’ला २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला, तरी तोही मोकळ्या हवेतच वापरायचा असतो. थंडीच्या रात्री, किंवा बाळंतिणीच्या खोलीत शेक देण्यासाठी, दार लावून निखाऱ्यांची शेगडी ठेवली जाते. झोपण्यापूर्वी ती बाहेर काढलीच पाहिजे. खोलीतील एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागणे, मळमळणे, गरगरणे ही विषबाधेची खूण मानून सर्वांना तत्काळ उघड्यावर आणावे आणि बाधिताला दवाखान्यात न्यावे.

भाजण्याचे अपघात बहुधा पदरापासून सुरू होतात, विशेषतः कृत्रिम धाग्याच्या कापडाने, कारण ते वितळून त्वचेला चिकटते. पदर खोचलेला, सुती वस्त्र अंगावर, लहान मुलांना अडवणारी आडकाठी आणि हाताशी पाण्याची भरलेली कळशी, एवढी दक्षता चुलीजवळ रोज हवी. कपड्यांनी पेट घेतलाच तर धावू नये. जमिनीवर लोळावे, किंवा लोकरी घोंगडीत गुंडाळावे, कारण लोकर सहज पेटत नाही. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, तूप किंवा हळद लावू नये.

स्वयंपाक आटोपल्यावर न जळलेली कोलिते ओढून काढून राखेत किंवा वाळूत खुपसून विझवावीत. धुमसत ठेवलेली चूल रात्रभर घरात धूर आणि विषारी वायू सोडत राहते. राखेखाली झाकलेला निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो, म्हणून काढलेली राख पत्र्याच्या घमेल्यात, सरपण आणि कडब्याच्या गंजीपासून दूर ठेवावी, आणि एक दिवस उलटून ती हाताला गार लागल्यानंतरच उकिरड्यावर किंवा परसातल्या झाडांच्या आळ्यात टाकावी. लाकडाच्या राखेत पोटॅश आणि चुना असतो, तेव्हा आम्ल जमिनीला ती मानवते. खारवट किंवा चुनखडीच्या जमिनीत मात्र ती घालू नये.